डाव्या कुशीचा आकडा

दुपारी दोन वाजून बावीस मिनिटांनी उशाजवळचा मोबाइल असा काही किंचाळला, की दयानंद पांघरूण पायात अडकवूनच उठून बसला. पडद्यावर लाल आकडा होता, अठ्ठावन्न, आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. हे काय भलतंच! पाऊण तासापूर्वी तो दोन भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर आमटी जेवला होता. जेवलं की रक्तातली साखर चढते, हे आता माण गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग पोट भरलेलं असताना ती उतरली कशी? त्याने डाव्या दंडामागे हात नेऊन चाचपलं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात तिथे रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवली होती. तिची केसाएवढी सुई कातडीखाली राहून रात्रंदिवस साखर मोजायची आणि मोबाइलला कळवायची. चकती जागेवर होती. आकडाही जागेवर होता. कपाळावर घाम आला. तो साखर उतरल्याचा की आकडा वाचल्याचा, हे ठरायच्या आत फोन वाजला. मुलगी सायली, बंगळूरहून. बापाची साखर तिच्याही मोबाइलवर दिसायची, तशी सोय तिनेच करून घेतली होती. "बाबा, अठ्ठावन्न दाखवतंय! आधी साखर खा. आई कुठेय? जेवणात आईनं काय दिलं तुम्हाला?" तोवर आशालता स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊन आली, गुडघे कटकट वाजवत. तिने त्याच्या तळहातावर दोन चमचे साखर ओतली, त्याने ती बकाबका खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांत आकडा शंभरावर गेला, सायलीने सुटकेचा निःश्वास टाकून फोन ठेवला, आशालता पुन्हा भांड्यांकडे वळली. झालं, संपलं. पण दयानंदच्या कानात एक शब्द अडकून राहिला. काय दिलं. जेवण कुणी देतं का? जेवण वाढतात. देतात ते औषध. नाहीतर दुसरं काहीतरी.

तसा तो उगाच कुणाला बोल लावणारा माणूस नव्हता, निदान त्याचं स्वतःबद्दल तसं मत होतं. उरवड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने इन्स्पेक्शन खात्यात काढली. लेथवरून उतरलेला नग त्याच्या टेबलावर यायचा, तो मायक्रोमीटरमध्ये धरायचा, आकडा वाचायचा. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, पास. नसेल तर लाल. कुणी बनवला, त्याच्या घरी काय चाललंय, रात्रपाळी होती की दिवसपाळी, हे दयानंदने कधी विचारलं नाही. माप खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस, हे त्याचं वाक्य सगळ्या खात्याला पाठ होतं आणि त्याच्यामागे पोरं त्याची नक्कल करून ते म्हणायची. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. शेत कंपन्यांच्या काचेच्या इमारतींखाली कधीच गेलं, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत संगणकवाली पोरं भाड्याने राहतात, खालच्या घरात तो आणि आशालता. मोजायला काही उरलं नव्हतं. म्हणून ती चकती दंडावर बसली तेव्हा खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. घरात पुन्हा एक माप आलं होतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या अंगावर होतं.

चकती लावणाऱ्या मुलीने सूचनाही नीट दिल्या होत्या. "काका, झोपताना या कुशीवर झोपायचं नाही हं, सेन्सर दबतो." दयानंदने मान डोलावली आणि सूचना शब्दशः पाळली. रात्री तो उताणा झोपायचा, मढ्यासारखा सरळ, हात पोटावर बांधून. आशालता म्हणायचीसुद्धा, "अवं, जरा वळा की, असं काय तिरडीवानी पडलाय!" पण सूचना म्हणजे सूचना. दुपारची गोष्ट वेगळी. दुपारी दयानंद झोपत नसे. दुपारी झोपतात आळशी, आजारी आणि सरकारी लोक, हे त्याने पौडच्या शाळेत मास्तरांकडून ऐकलं होतं, आणि त्याच मास्तरांनी सांगितलं होतं, की भोजनोत्तर वामकुक्षी हा धर्म आहे. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. वामकुक्षी म्हणजे झोप नव्हे. आशालता त्याला 'आडवं व्हणं' म्हणायची, शिकलेली सायली 'पॉवर नॅप' म्हणायची, दयानंद मात्र दरवेळी दुरुस्त करायचा, वामकुक्षी! कारखान्यातही जेवणाच्या सुट्टीत दोन बाकं जोडून तो ती उरकायचा. आता कॉट भिंतीला लागून होती. तो जेवून उठे, हात पुसे, भिंतीकडे तोंड करून आडवा होई. स्वयंपाकघर पाठीमागे राही. तिथे काय चाललंय ते ऐकू येई, दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दोन वाजून अठरा मिनिटांनी बासष्ट. सायलीच्या सांगण्यावरून डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी गोळी अर्धी करायला सांगितली. गोळी अर्धी झाली तरी तिसऱ्या दिवशी एकसष्ट. बोटाला टोचायचं जुनं मशीन घरात होतं, पण त्याच्या पट्ट्यांची तारीख उलटली होती, आणि मुदत संपलेलं माप दयानंदने आयुष्यात वापरलं नव्हतं. त्याने जुनी डायरी काढून आकडे लिहून पाहिले. सकाळच्या न्याहारीनंतर साखर चढते. रात्रीच्या जेवणानंतर चढते. उतरते ती दुपारीच. न्याहारी आणि रात्रीचं जेवण दोघं समोरासमोर बसून घेत. दुपारी मात्र आशालता त्याला आधी वाढायची आणि स्वतः मागाहून जेवायची. डायरीतल्या त्या ओळीवर त्याचं पेन थांबलं. छे, काहीतरीच! चौतीस वर्षांचा संसार आहे, असं म्हणत त्याने डायरी मिटली. पण एकदा मनात कुसळ गेलं की ते आपणहून बाहेर येत नाही, आत आत सरकत जातं. त्याला आठवलं, गेल्या मंगळवारी तुळजाबाई आली होती. रिह्याच्या वरच्या वाडीवरून ती रानातलं काहीबाही घेऊन यायची, करवंदं, शेवळं, कधी मध. त्या दिवशी तिने पदराखालून कागदाची पुडी काढली आणि हळूच म्हणाली, "वैनी, ह्या टायमाची लई जालीम हाय, जपून. दादांना अजून बी सांगू नगा, हसत्याल." आशालताने पुडी चटकन मिसळणाच्या डब्यामागे सरकवली होती. तेव्हा दयानंद पेपर वाचत होता. आता त्याला तो पेपर आठवेना, पुडी तेवढी आठवत होती.

पण का? नुसतं माप पुरत नाही, कारणही लागतं. आणि कारण शोधायला दयानंदला लांब जावं लागलं नाही. एकोणीस वर्षं ते घरातच बसून होतं. आशालताचा धाकटा भाऊ राजू. दयानंदनेच त्याला उरवड्याला लेथवर चिकटवलं होतं, पोरगा हाताचा चांगला होता. एके दिवशी राजूच्या दोनशे पिना टेबलावर आल्या आणि दयानंदने त्या एकेक करून मोजल्या. कमी. पुढचीही कमी. केसाच्या चौथाईएवढ्या, पण कमी. शेजारी सुपरवायझर उभा होता आणि दयानंदला कळत होतं, की तो पिनांकडे नाही, आपल्याकडे बघतोय. मेव्हण्याला सोडतो का धरतो? दयानंदने लाल चिठ्ठी लावली. राजूचं ते दुसरं लाल काम होतं, आठवड्यात त्याला घरी बसवलं. "दाजी, म्या तीनदा मोजल्या व्हत्या वं," एवढंच तो म्हणाला होता. आणि आशालता? तिने रडारड केली नाही, भांडली नाही. त्या रात्री ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या मापात माणूस बसतच न्हाई." त्यानंतर एकोणीस वर्षांत तिने तो विषय काढला नाही. इतकी वर्षं गप्प बसलेली बाई काय काय साठवत असेल, असं आता त्याला वाटलं. त्या दिवशी तिने बोंबाबोंब केली असती तर परवडलं असतं.

मग त्याने आपल्या पद्धतीने तपासायला घेतलं. रविवारी रिह्याला त्याच राजूच्या नातीचं बारसं होतं. मांडवात पंगत बसली. राजू आता टेंपो चालवतो, अंगाने सुटलाय, हातात गुलाबजामचं पातेलं घेऊन दयानंदसमोर येऊन वाकला. "दाजी, एक तरी घ्या की! ताईला मी सांगतो, वरडू नको म्हनून." हा इतका हसतोय का, असं मनात येऊनही दयानंदने दोन गुलाबजाम खाल्ले, आणि मग सबंध दुपार प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून मोबाइलवर डोळे लावले. दोनशे चौदा! वर गेली, खाली आली नाही. लोक म्हणाले, पाव्हणं मोबाइलच्या नादी लागलं. मंगळवारी आशालता पिरंगुटला चष्म्याच्या दुकानात गेली, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने पिठलं टाकलं, कालची भाकरी चुरून खाल्ली आणि वामकुक्षीलाही फाटा देऊन खुर्चीत बसून राहिला. एकशे एकाहत्तर. बुधवारी आशालताच्या हातचं जेवला, आडवा झाला. एकोणसाठ. बाहेरचं खाल्लं, ठीक. स्वतः केलेलं खाल्लं, ठीक. तिने वाढलेलं खाल्लं की खाली. यापेक्षा स्वच्छ तपासणी एकतीस वर्षांत त्याच्या हातून झाली नव्हती, आणि तरी मिटलेली डायरी त्याने दोनदा पुन्हा उघडून पाहिली. त्याला वाटलं, आपण चुकत असू तर देवा, कुठेतरी दाखव. मिसळणाच्या डब्यामागे त्याने पाहिलं. पुडी अर्धी रिकामी झाली होती. वास घ्यायला ती उघडणार, तोच पावलं वाजली म्हणून त्याने ती तशीच ठेवून दिली.

गुरुवारी त्याने हट्ट धरला, की दुपारी दोघांनी बरोबर जेवायचं. आशालताने दोन पाट मांडले. दोन ताटं वाढली, त्याचं स्टीलचं मोठं, तिचं काठ चेपलेलं लहान. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. ती खाली बसताना गुडघा वाजला, तिने ओठ आवळून तो धरला. दयानंदने आपल्या ताटाला हात लावला नाही.

"अगं, ते ताट मला दे. हे तू घे."

"का वं? दोन्हीत येकच हाय की."

"असू दे. दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नवा चष्मा होता, त्यातून डोळे मोठे दिसत होते. आधी त्यात नुसता प्रश्न होता. मग तो प्रश्न हळूहळू मिटत गेला आणि त्या जागी काहीतरी आलं, जे दयानंदने चौतीस वर्षांत एकदाच पाहिलं होतं, लाल चिठ्ठीच्या रात्री. चार-पाच दिवसांतलं त्याचं ताटाकडे निरखून बघणं, घास हुंगणं, डब्यामागची सरकलेली पुडी, तिने सगळं एका क्षणात जुळवलं असणार. ती काही अडाणी नव्हती. आत्ता बोल, असं दयानंदला आतून कुणीतरी सांगत होतं, हसून म्हण की गंमत केली, ताट मागे घे. त्याने नुसता हात पुढे धरला. आशालताने आपलं चेपलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं, त्याचं ओढून घेतलं आणि जेवायला लागली. ती भराभर जेवत नव्हती आणि मुद्दाम सावकाशही जेवत नव्हती. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने तिने ताट असं पुसून घेतलं, की ते घासायची गरज राहिली नाही. ताकाची वाटी उपडी करून दाखवली. तिच्या ताटातलं अन्न दयानंदने कसंबसं गिळलं. चव तीच होती.

"जावा, व्हा आडवं," ती म्हणाली. "मी हितंच बसते. कुटं जात न्हाई."

तो भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर पडला. पाठीमागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती बसली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी हिंदीत फोनवर हसत होतं. दंड गादीत रुतला होता, त्याला मुंग्या येत होत्या. आकडा आज पडू नये, असं त्याला वाटलं. लगेच उलटं वाटलं. तिच्या ताटातलं खाऊन आकडा पडला नाही, तर ती दोषी. पडला तर... पडला तर काय? याचा त्याने विचारच केला नव्हता. सगळं पक्कं ठरवून आलेल्या माणसाने दुसरी बाजू मोकळी सोडली होती. वीस मिनिटं झाली, आणि मोबाइल किंचाळला.

एकसष्ट. तिच्या ताटातलं जेवून, एकसष्ट! तो उठून बसला, पाय खाली सोडले. आशालता साखरेचा डबा घेऊन पुढे आली. "थांब," तो म्हणाला, "साखर नको." त्याने दंड मोकळा सोडला, मोबाइल मांडीवर धरला आणि बघत राहिला. पाच मिनिटांनी सहासष्ट. मग एकोणऐंशी. मग सत्त्याण्णव. साखरेचा कणही पोटात न जाता एकशे अठरा. सायलीचा फोन दोनदा वाजून थांबला. दयानंदने दंडामागे हात नेला, चकतीभोवती गादीच्या शिवणीचा वळ उमटला होता. झोपताना या कुशीवर झोपायचं नाही, सेन्सर दबतो. पण काका झोपत नव्हते ना! काका वामकुक्षी करत होते. दाबलं की माप कमी दाखवतं. हे त्याला कुणी सांगायला हवं होतं का? मायक्रोमीटर हातात धरायला शिकलेल्या पहिल्या दिवसापासून तो हेच तर नव्या पोरांच्या डोक्यात ठोकत आला होता. अरे, आवळू नकोस, शेवटची फिरकी बोटांनी हलकी फिरव, टक टक टक असे तीन आवाज आले की थांब. जोर लावशील तर चांगला नगही कमी भरेल. आणि मग, नको असताना, त्याला स्वतःचा अंगठा दिसला. एकोणीस वर्षांपूर्वीचा. शेजारी सुपरवायझर. मेव्हण्याला सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आवळलेला. त्या दिवशी तीन आवाज आले होते का? त्याने कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. दोनशे पिना आठवल्या, त्यांचा तेलकट गारवा आठवला, टक टक टक काही आठवेना.

"काय झालं?" आशालताने विचारलं. डबा तिच्या हातात तसाच होता.

"यंत्र दबत होतं," तो म्हणाला. "माझ्याच अंगाखाली. त्यात तुझा काही... जेवणाचा काही संबंध नव्हता."

"दाबलं की कमी दाखवतं व्हय?"

"हो."

हे ती चकतीबद्दल विचारते आहे की राजूबद्दल, दयानंदला कळेना. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्याला वाटलं, राजूचं आत्ता सांगून टाकावं, या क्षणी नाही तर कधीच नाही. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात ती वळली, मिसळणाच्या डब्यामागून पुडी काढून आणली आणि त्याच्या मांडीवर, मोबाइलशेजारी ठेवली.

"निरगुडी हाय. गुडघ्याला बांधते, रोज रातच्याला. सा म्हैनं झालं. तुळजाबाई म्हनली, दादा हसत्याल, म्हनून बोलले न्हाई." मग म्हणाली, "येवढा उग्र वास हाय तिचा. शेजारी झोपून तुमास्नी येकदा बी आला न्हाई?"

गेला आठवडाभर तो उताणा पडून यंत्र सांभाळत होता, पण त्याआधी तरी तो शेजारी होता कुठे. त्याने पुडी उघडली. कडू, हिरवट वास आला, ओळखीचा. सहा महिने हा वास त्याच्या उशीला होता. "आशा, माझं चुकलं," तो म्हणाला, आणि चौतीस वर्षांत हे वाक्य आपण पहिल्यांदा बोलतोय, हे त्याला ते बोलून झाल्यावर जाणवलं. "असू द्या," ती म्हणाली आणि साखरेचा डबा जागेवर ठेवायला आत गेली.

शुक्रवारी दुपारी तिने पाट मांडला, एकच. ताट वाढून आणलं, पण त्याच्यापुढे ठेवायच्या आधी स्वतः खाली बसली. त्याच्या भाकरीचा कोपरा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. चमच्याने आमटी घेऊन प्याली. ताकाचा एक घोट घेतला. मग हात मांडीवर ठेवून मनातल्या मनात काही मोजल्यासारखी थांबली, आणि ताट पुढे सरकवलं.

"जेवा. पास हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शनिवारीही तिने तसंच केलं. रविवारी तो कळवळून म्हणाला, "अगं, नको गं असं करू. पाया पडतो तुझ्या." तिने घास नीट चावून गिळला. "ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली, "तुमास्नी सुखानं झोप लागाय पायजे ना."

आता तो उजव्या कुशीवर होतो. वाम म्हणजे डावी, म्हणून त्याला वामकुक्षी म्हणता येत नाही, आणि कुणी काही म्हटलं तरी तो दुरुस्त करत नाही. भिंत पाठीमागे गेली, तोंड स्वयंपाकघराकडे आलं. दंड मोकळा असतो, मोबाइल किंचाळत नाही. राजूचा नंबर त्याने दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. त्या रविवारी अडीचच्या सुमारास सायलीचा मेसेज आला, "बाबा, आज एकदम सरळ लाइन! मस्त झोप लागली ना?" समोर, उंबऱ्यापलीकडे, आशालता त्याच्याकडे पाठ करून चेपलेल्या ताटात एकटी जेवत होती. दयानंदने 'हो' असं लिहून पाठवलं आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिला.